कोऱ्या भिंतीवर काय करावं? (विद्यापीठातली सजावट, स्मारकं वगैरे)

उंबरठा:
लोकहो, आमच्या विद्यापीठाच्या नव्या इमारतीत शिरल्या शिरल्या एक भलीमोठी कोरी भिंत आहे आणि तिच्यावरून सध्या जोरदार काथ्याकूट चाललाय. एक गट म्हणतो म्यूरल करा, दुसरा म्हणतो देणगीदारांची नावं कोरा, आणि मुलं म्हणतायत तेवढ्या पैशात लायब्ररीत खुर्च्या वाढवा. मला मुलांचं पटतं, पण सगळीकडे नुसत्या पांढऱ्या भिंती असल्या की दवाखान्यात आल्यासारखं वाटतं हेही खरंय. अशा गोष्टींनी खरंच काही फरक पडतो का?

पायवाट:
पडतो, पण गोष्ट त्याच जागेची असेल तर. म्युनिक विद्यापीठासमोरच्या फरसबंदीत पत्रकं बसवलीयेत, हातातून सुटून जमिनीवर विखुरल्यासारखी. सोफी आणि हान्स शोल ही भावंडं तिथेच शिकायची, १८ फेब्रुवारी १९४३ ला त्याच इमारतीत नाझींविरुद्धची पत्रकं टाकताना पकडली गेली आणि २२ तारखेला दोघांचा शिरच्छेद झाला. चार दिवसांत सगळं खलास! आता लेक्चरला जाणारी पोरं रोज त्यावरून चालतात, बहुतेक वेळा बघतही नसतील, पण एखाद्या दिवशी कुणीतरी वाकून वाचतंच ना. हेच कोपऱ्यात चौथरा बांधून वर्षातून एकदा हार घातला असता तर कोण फिरकलं असतं?

शेवटचा_बाक:
+१. आणि खुर्च्या विरुद्ध स्मारक असं भांडण कशाला, बसता येईल असंच काहीतरी करा की. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात लायब्ररीसमोर माया लिन या अमेरिकन आर्किटेक्टने १९९३ मध्ये केलेलं ग्रॅनाइटचं टेबल आहे, त्यावरून पाणी वाहतं आणि आकड्यांची गोल गोल फिरत जाणारी रांग कोरलीय, कुठल्या वर्षी किती मुली शिकत होत्या त्याची. सुरुवातीला नुसती शून्यं, शून्यं, शून्यं. भाषण नाही, घोषणा नाही, शून्यंच बोलतात. वॉशिंग्टनचं व्हिएतनाम युद्धाचं स्मारकही हिचंच, १९८१ ला स्पर्धा जिंकली तेव्हा येलमध्येच शिकत होती, वय २१. त्या काळ्या भिंतीवर ५८ हजारांवर नावं आहेत, तीही आडनावाप्रमाणे नाही तर ज्या क्रमाने माणसं गेली त्या क्रमाने. आधी लोकांनी भरपूर शिव्या घातल्या, आता तेच लोक नावावर कागद धरून पेन्सिलीने ठसा घेऊन जातात.

तिरकस:
सगळं गोड गोड चाललंय म्हणून जरा खडा टाकतो. हार्वर्डमधल्या जॉन हार्वर्डच्या पुतळ्याखाली लिहिलंय की हा संस्थापक, साल १६३८. तो संस्थापक नव्हता, देणगीदार होता, कॉलेज निघालं १६३६ ला, आणि चेहराही त्याचा नाही, कारण त्याचं चित्रच कुठे शिल्लक नव्हतं. तरी टूरिस्ट त्याचा बूट घासून घासून चकाचक करतात. म्हणजे अर्थ काय, लोक कशालाही महत्त्व चिकटवतात. उलट दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊन विद्यापीठात ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्सचा पुतळा कितीतरी वर्षं ऐटीत बसला होता, २०१५ मध्ये विद्यार्थ्यांनी आंदोलन करून तो हलवायला लावला. त्यामुळे देणगीदारांची नावं दगडात कोरायच्या आधी दहादा विचार करा, उद्या कुणाची काय भानगड निघेल सांगता येत नाही.

पायवाट:
@तिरकस, मुद्दा मान्य. पण ऱ्होड्सवरून भांडण झालं याचाच अर्थ मुलांना तो पुतळा दिसत होता, टोचत होता. सजावट निरुपयोगी असती तर कुणी अंगावर घेतलं असतं का?

कोरा_कागद:
भिंत रिकामी ठेवायचाही पर्याय आहे बरं का. बर्लिनच्या बेबेलप्लाट्झवर, अगदी विद्यापीठाला लागून, १९३३ मध्ये नाझींनी पुस्तकं जाळली होती. तिथे जमिनीत काच आहे आणि काचेखाली पांढरी रिकामी कपाटं, बस्स.

उंबरठा:
वा, भारीच माहिती मिळाली. शून्यांची आयडिया मीटिंगमध्ये मांडते, आमच्याकडचे जुने प्रवेशाचे आकडे कुठल्या रजिस्टरात आहेत ते आधी शोधायला लागेल.

तिरकस:
शोधा शोधा. आणि धूळ कोण पुसणार तेही त्याच मीटिंगमध्ये ठरवून घ्या.