अनुभव धागा: मोकाट प्राण्यांच्या बेटांवर सहकुटुंब

अनघा_ठाणे: काल भाचीने अंदमानचे फोटो टाकले, तिथल्या रॉस बेटावर पडक्या चर्चपाशी हरीण निवांत बसलंय. आम्ही गेलेलो तेव्हा एका चितळाने सासऱ्यांच्या खिशातलं बोटीचं तिकीट ओढलं आणि चघळत उभं राहिलं, आणि सासरे त्याला समजावतायत, "अरे परतीचं आहे रे ते!" आता दिवाळीत नणंदेकडचे पण येतायत, पोरं लहान आहेत. सेल्युलर जेल तर नक्की. बाकी अशी बेटं कोणी केलीयत का, लिहा जमेल तसं.

बोका: बुधवार सोडून जा!! रॉस बंद असतं. आमच्या टूरवाल्याने नेमका तोच वार काढला होता.

मीनल: सासरे भारीच 😂

पर्थकर: आईबाबा आले की ऑस्ट्रेलियातलं रॉटनेस्ट बेट ठरलेलं. फ्रीमँटलहून फेरीने अर्धा तास, बेटावर खासगी गाड्या नाहीत, सायकल नाहीतर बस. क्वोका (कांगारूचे छोटे भाऊबंद) दिवसा झुडपाखाली पेंगतात, संध्याकाळी खरे जागे होतात, म्हणून परतीची शेवटची फेरी घ्या. हात लावायचा नाही, खाऊ द्यायचा नाही, दंड होतो. बाबा नुसते खाली बसले तर एक येऊन त्यांच्या चपला हुंगून गेला, आई म्हणे चपलांचा वास बघ कुठवर गेलाय.

शिंपला: जपानमधे मियाजिमाची हरणं, कागदाचं तिथेही तेच, नकाशा हातात ठेवू नका. आणि ओकुनोशिमा, सशांचं बेट. १९२९ ते १९४५ तिथे विषारी वायूचा कारखाना होता, छोटं म्युझियम आहे. पोरं सशांमागे, मी आत एकटीच, बाहेर आल्यावर थोडा वेळ कोणाशी बोलावंसंच वाटेना.

गण्या: आमच्या सोसायटीत पण मोकाट प्राणी आहेत, तिकीट नाही, रात्री अकरानंतर यावे 🐕

अनघा_ठाणे: @बोका थँक्स, गुरुवार धरते. @पर्थकर व्हिसा आणि पाच तिकिटं, हे ऐकूनच यांना घाम फुटलाय. बोट लागते का हो कोणाला?

मीनल: मला लागते ना, अंदमानातच हॅवलॉक बेटाच्या फेरीत पूर्ण वेळ डोळे मिटून. आलेपाक तोंडात धरायचा.

पर्थकर: गुळाचा की साखरेचा? माझा गुळाचा चिकटच होतो.

मीनल: साखरेचा. गोळी होईस्तोवर हलवत राहा, विपुत (विचारपुशीत) लिहिते सविस्तर, कुकर झालाय.