बी४५० मदरबोर्डवर कमी खर्चात प्रोसेसर बदलण्याबाबत

प्रश्न (सोलापूर): माझ्या संगणकात बी४५० मदरबोर्ड आणि रायझन ३ १२०० प्रोसेसर आहे, नवे खेळ अडखळतात. मदरबोर्ड न बदलता कोणता प्रोसेसर घ्यावा?

उत्तर: २०२२ मध्ये आलेला, ६ कोअर आणि १२ थ्रेडचा रायझन ५ ५६०० तुमच्या मदरबोर्डच्या एएम४ सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसवायच्या खाचेत) बसतो, मात्र जुना प्रोसेसर काढण्यापूर्वीच बायोस (मदरबोर्डमधले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करावा, म्हणजे नवा प्रोसेसर ओळखला जाईल, आणि आपल्याकडे विजेचा नेम नसल्याने ते काम यूपीएसवरच करावे.

दुसरे उत्तर: जुना प्रोसेसर काढताना त्याच्यावरचा कूलर (थंड ठेवणारा पंखा) सरळ वर ओढू नका. माझी दोघांमधली उष्णतावाहक पेस्ट वाळली होती, त्यामुळे प्रोसेसर कूलरला चिकटूनच बाहेर आला आणि दोन पिना वाकल्या. पेस्ट मऊ होण्यासाठी संगणक थोडा वेळ चालवावा, मग तो बंद करून कूलर हलकेच फिरवत सोडवावा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे, आधी यूपीएसची बॅटरी तपासतो.