जुळी आहेत, वार (प्लॅसेंटा) एकच. घणसोलीतून कुठे दाखवू?

घणसोलीची_सून:
१३वा आठवडा चालू आहे. एनटी स्कॅनमध्ये (तिसऱ्या महिन्याच्या सोनोग्राफीत) जुळी निघाली, रिपोर्टवर 'एमसीडीए, टी साइन' लिहिलंय, म्हणजे वार एकच पण पिशव्या वेगळ्या. आमच्या गायनॅक चांगल्या आहेत, नणंदेची दोन्ही बाळंतपणं त्यांच्याकडेच झाली, पण त्याच म्हणतायत की फीटल मेडिसिनवाल्यांना (पोटातल्या बाळाच्या तज्ज्ञांना) दाखवा. म्हणजे आता डॉक्टरच बदलायचे का? त्यात बीपी आत्ताच १३०/८४ येतंय, त्याचं टेन्शन वेगळंच.

पाचपाखाडीची_आई:
अगं बदलायचे कशाला, फीटल मेडिसिनवाले स्कॅन बघून सांगतात, बाकी तुझ्या मॅडम आहेतच. माझीपण एमसीडीए होती. १६व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी स्कॅन, कारण वार एकच असली की कधीकधी एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जायला लागतं (टीटीटीएस), मग एकाभोवती पाणीच पाणी आणि दुसऱ्याभोवती जवळजवळ नाहीच. वेळेत सापडलं तर दुर्बिणीतून लेझर करतात. भर पावसात घोडबंदर रोड जाम, नवरा म्हणतो पुढच्या आठवड्यात जाऊ, मी म्हटलं गप गाडी काढ.

एनआयसीयू_सिस्टर_नेरुळ:
ताई, चकाचक लॉबी बघून हॉस्पिटल ठरवू नका. एनआयसीयू (नवजात बाळांचं आयसीयू) त्याच बिल्डिंगमध्ये आहे का, दोन बाळांना एकदम जागा मिळेल का, रात्री दोनला भूलवाले आणि बाळाचे डॉक्टर किती वेळात पोचतात, रक्त कुठून आणतात, हे तोंडावर विचारा. एमसीडीए सगळं नीट असलं तरी साधारण ३६ आठवड्यांनाच काढतात. आणि जन्मल्यावर बाळाला अ‍ॅम्ब्युलन्समधून हलवण्यापेक्षा पोटात असतानाच आईला हलवलेलं केव्हाही बरं.
बीपीचं म्हणाल तर अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी लागेल का ते याच आठवड्यात विचारा, ती शक्यतो १६ आठवड्यांच्या आत सुरू करतात. मनाने घेऊ नका. पुढे १४०/९० किंवा वर गेलं, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, उजवीकडे बरगडीखाली दुखलं तर सकाळची वाट बघायची नाही.

कळवा_ईस्ट:
पैशाचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. एनआयसीयूचं बिल दिवसावर चढतं आणि इथे बाळं दोन. पॉलिसीत मॅटर्निटीची लिमिट किती आणि बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर होतं का, आत्ताच वाचून घ्या. नाहीतर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल, सायन, केईएम, परळचं वाडिया आहेच. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची तपासणी फुकट होते.

घणसोलीची_सून:
गोळीचं उद्याच विचारते. अजून एक, पहिलं बाळंतपण म्हणून सातव्यात माहेरी जायचं ठरलंय, कराडच्या पुढे गाव आहे. चालेल ना?

एनआयसीयू_सिस्टर_नेरुळ:
गावाजवळ एनआयसीयू नसेल तर अजिबात नको. आईंनाच इकडे बोलवून घ्या, डोहाळेजेवण घणसोलीत करा.

पाचपाखाडीची_आई:
आणि सासूबाईंना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकव, तुझं ऐकणार नाहीत 😄