मदत हवी आहे: लकव्यानंतर बाबांना रंधा मारता येईना

बाबा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडचे सुतार, वय ६४. लकव्यात मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला. उजव्या हातात ताकद परतली, नजर चांगली, रंधा दाखवला की नावही सांगतात. पण चालवायला दिला की उलटा धरून लाकडावर आपटतात. परवा कंगवा दातांकडे नेला! डॉक्टर म्हणाले, हा अ‍ॅप्रॅक्सिया, म्हणजे ताकद असूनही शिकलेली कृती हाताला न जमणं. वस्तूची ओळख आणि हाताची हालचाल यांची सांगड मेंदूचा डावा पॅरायटल (वरचा-मागचा) भाग घालतो, तिथंच बिघाड आहे. फिजिओथेरपी चालू आहे, पण ती ताकदीची. हात धरून करवून घेतलं तर थोडं जमतं. कन्नड सूचना गोंधळवतात, पुणे-मुंबई परवडत नाही. बेळगाव, निपाणी किंवा कोल्हापुरात मराठीतून शिकवणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारे) कोण? आणि तोवर घरी धारेची अवजारं द्यावीत, की आधी चमचा-कंगवाच पक्का करून घ्यावा?