रन-अपसाठी उभ्या असलेल्या सेस्नाला दुसऱ्या विमानाची धडक: पंखाची तपासणी आणि विमा याबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

टेक्सासमधल्या एका लहान विमानतळावर माझे आणि एका मित्राचे सामाईक मालकीचे १९७८ सालचे सेस्ना १७२ एन हे विमान आहे. या विमानतळाला नियंत्रण मनोरा नाही, त्यामुळे जमिनीवर कोण कुठे चालले आहे हे वैमानिकांनी रेडिओवर सांगून आणि डोळ्यांनी पाहूनच ठरवायचे असते. मागच्या शनिवारी उड्डाणापूर्वीची इंजिनची चाचणी, म्हणजे रन-अप, करण्यासाठी धावपट्टीच्या टोकाजवळच्या मोकळ्या जागेत ब्रेक लावून मी विमान उभे केले होते. त्या वेळी मागून टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवरून चालत, आलेल्या दुसऱ्या सेस्ना १७२ च्या उजव्या पंखाचे टोक आमच्या डाव्या पंखाच्या मागच्या कडेवर आदळले. त्या विमानात प्रशिक्षक आणि विद्यार्थी असे दोघे होते. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही, आणि दोन्ही विमानांचे प्रोपेलर कशालाही लागले नाहीत, त्यामुळे इंजिन उघडून तपासण्याचा प्रश्न येथे नाही.

नुकसान वरवर पाहता थोडे आहे. पंखाच्या टोकाचे फायबरग्लास तडकले, लाल दिव्याची काच फुटली, एलेरॉनचे (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या, पंखाच्या मागच्या कडेवरच्या हलत्या फळीचे) बाहेरचे टोक दुमडले आणि शेवटच्या दोन रिबांमधल्या (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्यांमधल्या) पत्र्यावर तिरकी सुरकुती आली. त्या सुरकुतीवर अंगठ्याने दाबले की पत्रा तेलाच्या डब्याच्या झाकणासारखा टक्‌ करून आत जातो आणि सोडल्यावर पुन्हा बाहेर येतो. त्याखेरीज नाकाकडच्या चाकाचा डांबरावर आडवा घासल्याचा काळा पट्टा उमटलेला आहे, म्हणजे ब्रेक लावलेले असतानाही विमानाचे नाक उजवीकडे ढकलले गेले होते.

माझी खरी चिंता या काळ्या पट्ट्यापासून सुरू होते. या विमानाच्या पंखांचा विस्तार ११ मीटर आहे, म्हणजे धडक विमानाच्या मध्यरेषेपासून साधारण साडेपाच मीटरवर बसली. एवढ्या लांबीच्या तरफेच्या टोकाशी बसलेला धक्का टोकालाच संपत नाही. तो स्पारमधून, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळईतून, पंखाच्या मुळाशी, म्हणजे जेथे पुढचा आणि मागचा स्पार बोल्टांनी फ्युजलाजला (विमानाच्या धडाला) जोडलेला असतो तेथे पोहोचतो. मागच्या स्पारच्या जोडावर पंखाचा कोन किंचित बदलण्यासाठी विकेंद्री बुश (मध्यापासून सरकलेले भोक असलेल्या, बोल्टाभोवतीच्या नळ्या) असतात. ते फिरले असतील किंवा बोल्टांची भोके लांबट झाली असतील, तर बाहेरून काहीही दिसणार नाही. विमा कंपनीचा सर्वेक्षक मात्र नवे टोक, दुसरा एलेरॉन आणि पत्र्याला एक ठिगळ एवढ्यावर काम संपवावे असे म्हणतो, कारण त्याच्या मते मुळाशी दिसण्याजोगे नुकसान नसेल तर तेथील तपासणीचा खर्च दाव्यात बसत नाही. मला हे पटत नाही. ज्या पंखाच्या आधाराने मी कुटुंबाला घेऊन उडतो, तो सरळ आहे की नाही हे मोजल्याशिवाय मी ते विमान हवेत नेणार नाही.

म्हणून माझा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न येथील विमान-देखभाल क्षेत्रातील मंडळींना आहे. भारतातल्या फ्लाइंग क्लबांत सेस्ना १५२ किंवा १७२ वर काम केलेले इंजिनिअर येथे असतील तर त्यांनी कृपया अवश्य लिहावे. सेस्नाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पंखाचा पीळ मोजण्याची पद्धत दिलेली आहे, आणि दुरुस्त केलेल्या एलेरॉनचा तोल तपासणेही आवश्यक असते. आमचा मेकॅनिक या दोन्ही गोष्टी करणार आहे. परंतु मुळाकडचे बोल्ट काढून भोके पाहावीत, की फेअरिंग (जोडावरचे पातळ आच्छादन) काढून रिव्हेट आणि रंगाच्या भेगा पाहणे पुरेसे आहे? स्ट्रटचे (पंखाला खालून धडाशी जोडणाऱ्या तिरक्या दांड्याचे) दोन्ही जोड आणि नाकाकडच्या चाकाचा फायरवॉलवरचा (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवरचा) आधार यांबाबत तुम्ही काय कराल?

दुसरा प्रश्न नियमांचा आहे, आणि त्याला मुदतीची घाई आहे. एनटीएसबी या अमेरिकेतील अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमांतील भाग ८३० प्रमाणे उड्डाणाच्या हेतूने माणूस विमानात चढल्यापासून उतरेपर्यंत भरीव नुकसान झाले तर तो अपघात ठरतो, म्हणजे टॅक्सी करतानाची घटनाही त्यात येते. मात्र त्याच व्याख्येत पंखांच्या टोकांचे नुकसान भरीव मानलेले नाही. आमचे नुकसान टोकापुरते राहिले तर तो अपघात नव्हे. स्पार वाकलेला निघाला तर मात्र तो अपघात ठरतो. अपघाताची सूचना तत्काळ द्यावी लागते आणि लेखी अहवाल १० दिवसांत. तपासणीचा निकाल येण्याआधीच एनटीएसबीला फोन करून ठेवावा, असे माझे मत झाले आहे. कोणाला याचा अनुभव आहे का?

या वर्गीकरणाचा त्या विद्यार्थ्याशीही संबंध आहे. त्याने नासाच्या एएसआरएस या विमान-सुरक्षेबाबत स्वेच्छेने अहवाल देण्याच्या योजनेत १० दिवसांच्या आत अहवाल दिला, तर अनवधानाने झालेल्या नियमभंगाबद्दलच्या दंडात्मक कारवाईपासून त्याला संरक्षण मिळू शकते, पण अपघात या योजनेतून वगळलेले आहेत. मी त्याला आणि प्रशिक्षकाला हे सांगितले आहे. मला भरपाई हवी आहे, पण विशीतल्या मुलाचे शिक्षण त्यापायी अडकू नये असेही मनापासून वाटते.

विम्याबाबत थोडक्यात विचारतो. आमच्या पॉलिसीत उभ्या आणि चालत्या विमानासाठी डिडक्टिबल (दाव्यातला आपण स्वतः भरायचा भाग) वेगवेगळे आहे, आणि ‘चालते’ म्हणजे स्वतःच्या शक्तीने किंवा तिच्यामुळे आलेल्या गतीने पुढे सरकत असलेले, असे तिच्यात लिहिले आहे. इंजिन सुरू पण चाके स्थिर, अशा विमानाला सर्वेक्षक ‘चालते’ म्हणत आहे. हे कोणाच्या बाबतीत लेखी आक्षेप घेऊन बदलले गेले आहे का? शिवाय लॉगबुकात पंखाच्या दुरुस्तीची नोंद आली की विमानाची विक्रीची किंमत उतरते, आणि ही घट आमची स्वतःची पॉलिसी भरून देत नाही. ती समोरच्या पक्षाच्या दायित्व विम्याकडून मागायची झाल्यास, आधी आमच्या विमा कंपनीकडून दुरुस्तीचे पैसे घेतल्याने तो हक्क जातो का? टेक्सासमध्ये असा दावा केलेल्या कोणी सांगितले तर फार उपयोग होईल.

विमान सध्या हँगरमध्ये आहे आणि अजून एकही रिव्हेट काढलेले नाही. काम सुरू होण्यापूर्वी कोणत्या जागांची छायाचित्रे आणि मापे घेऊन ठेवावीत, हे कृपया सर्वांत आधी सांगावे.