सावरीवरची खारीची पिल्लं

खारीच्या पिल्लांचा फोटो टाकून तुम्ही लिहिलंय, की ती काटेसावरीची फुलं कुरतडून नासधूस करतात. करतात थोडी, पण त्यांचा खरा डोळा मधावर. फेब्रुवारीत आमच्या गॅलरीसमोरची सावर फुलली की पिल्लं मागच्या पायांनी फांदी धरून उलटी लटकतात, लाल पेल्यात तोंड खुपसतात आणि मिशांना पराग माखून बाहेर येतात. मैनांशी भांडण वेगळंच! शिक्रा हा शिकारी पक्षी फिरकला की आईची चिर्रचिर्र सुरू, पिल्लं खोडाच्या पलीकडे गायब. हाकलू नका हो. शेपूट अजून झुपकेदार नसेल तर पिल्लूच समजा. महाराष्ट्रात तीनपट्टी आणि पाचपट्टी अशा दोन्ही खारी आहेत, तेव्हा पट्टे मोजून कुठली ते कळायला पुढचा फोटो पाठीचा टाका.