देणगीच्या पैशातून पगारी माणूस ठेवावा का? माजी सैनिक मदतमंडळापुढचा प्रश्न

पलटणवाला (खानापूर) :
पुढच्या महिन्यात आमच्या मदतमंडळाची वार्षिक सभा आहे. खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतल्या काही गावांचे माजी सैनिक आणि आमची पुढची पिढी मिळून हे मंडळ चालवतो. यात्रा कमिट्या, गणेशोत्सव मंडळं, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले एक-दोन कारखानदार अशांनी दिलेले चारेक लाख खात्यावर आहेत. सभेपुढे दोन ठराव आलेत. पहिला सैनिक भवन बांधण्याचा, दारात हुतात्म्यांच्या नावांचा चबुतरा. दुसरा माझा : महिना पंधरा हजारांवर एक पूर्णवेळ कारकून नेमायचा, त्याला लॅपटॉप आणि प्रिंटर द्यायचा, आणि आठवड्यातले चार दिवस त्यानं गावोगाव फिरायचं.

लोकांना वाटतं, फौजेतून आला म्हणजे पेन्शन असणारच. जवानाला पेन्शनसाठी पंधरा वर्षं नोकरी भरावी लागते. पासष्ट-एकाहत्तरच्या लढाईच्या काळात भरती होऊन त्याआधीच घरी आलेल्या कित्येकांच्या हातात दर महिन्याला काहीच पडत नाही. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या, वयाची ६५ ओलांडलेल्या अशा बिनपेन्शनच्या माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून महिना ४,००० रुपये मिळायचे. नोव्हेंबर २०२५ पासून त्याचे ८,००० झालेत. म्हणजे वर्षाला ९६,०००. आपण दिवाळीला शाल, नारळ आणि एक पाकीट देतो. कारकुनाचा वर्षाचा पगार १,८०,०००. नुसते दोन अर्ज मंजूर झाले तरी त्याहून जास्त पैसा गावात येतो, आणि तो दरवर्षी येत राहतो.

मग अर्ज का होत नाहीत? एका आज्जीची ट्रंक मी स्वतः उघडली आहे. नवऱ्याचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेली नोंदवही, मेणकापडात गुंडाळलेलं, शिलाई सुटलेली, जन्मतारखेच्या जागी नुसतं अंदाजे वय. बायकोचं नाव त्यात यल्लूबाई, आधारवर यल्लव्वा, रेशनकार्डावर माहेरच्या आडनावासकट तिसरंच. ही तिन्ही एकच बाई असल्याचं प्रतिज्ञापत्र, पंचायतीचा दाखला, मग सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे, तेवढं सोपं. नवरा तोफखान्यात असेल तर नाशिक रोड, सिग्नल्सला (संदेशवहन) असेल तर जबलपूर, ईएमईत (यंत्रदुरुस्तीची शाखा) असेल तर सिकंदराबाद. ऐंशीच्या बाईनं हे कुणाच्या भरवशावर करायचं?

माझं मत पक्कं आहे : आपल्या मंडळानं वाटप थांबवावं आणि हे काम धरावं.

नंदगडकर :
भवनाचा ठराव माझा आहे, म्हणून मीच उत्तर देतो. यात्रेत लोकांनी पैसे टाकले ते सैनिकांसाठी. त्यातून कुणाचा पगार निघणार हे कळलं तर पुढच्या वर्षी पावती फाडायला कोण येईल? पगार सुरू करणं सोपं, चालू ठेवणं अवघड. चार लाख दोन वर्षांत संपतील. मग कारकून गेला, पैसाही गेला, मंडळाकडे दाखवायला एक वीटसुद्धा नाही. भवन झालं तर हॉल लग्न-बारशाला भाड्यानं जाईल, त्या उत्पन्नावर मदत कायम चालेल.

आणि चबुतऱ्याला कमी लेखू नका. ज्या घरचा पोरगा चोविसाव्या वर्षी गेला त्या आईला अर्ज नको असतो. २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, गावानं येऊन त्याच्या नावापुढं उभं राहावं, एवढंच तिचं मागणं असतं. ते कुठल्या योजनेत बसत नाही.

वीरपत्नीची लेक (बेळगाव) :
माझ्या बाबांचं नाव आमच्या गावात दगडावर आहे. वर्षातून दोनदा हार पडतो, त्याचं आम्हाला समाधान आहे. पण नंदगडकरकाका, त्याच दगडाला हार पडला त्या वर्षी आईची पेन्शन चार महिने बंद होती. हयातीचा दाखला लागला नव्हता. शेतात राबून तिच्या बोटांच्या रेषा झिजल्यात, अंगठा मशीनवर उमटत नाही. प्रत्येक जण सांगायचा, पुन्हा या. मोबाईलवर चेहरा दाखवूनही दाखला करता येतो, हे आम्हाला एका लष्करी कँटीनच्या रांगेत अनोळखी जवानाकडून कळलं. दहा मिनिटांत झालं.

ती दहा मिनिटं देणारा माणूस गावात हवा. तो आमच्या ओळखीचा निघाला म्हणून मिळावा असं नको, त्याचं ते कामच असावं. चबुतरा उद्याही बांधता येईल.

निवृत्त सुभेदार :
काय वो, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कशाला आहे मग? ते काम सरकारचं. आपण माणूस नेमला की तिथले लोक म्हणणार, जावा तुमच्या मंडळाकडं. आणि पगारी माणसाची मला भीती वाटते. आज महिना पंधरा हजार पगार, उद्या मंजुरीमागं हजार-दोन हजार चहापाणी. असले एजंट मी कचेऱ्यांबाहेर बघितलेत. विधवेच्या पहिल्या थकबाकीतला चौथा हिस्सा खाऊन जातात. त्यापेक्षा आम्ही निवृत्त लोक पाळीपाळीनं बसतो. मराठी, हिंदी, कामापुरतं इंग्रजी येतं आम्हाला. फौजेनं फुकट शिकवलंय, फुकट देऊ.

पलटणवाला :
सुभेदारसाहेब, तुमच्या मनाबद्दल शंका नाही. पाळीचा प्रयोग शेजारच्या भागात झालेला आपण दोघांनी बघितला आहे. भात कापणीला कोण आलं? एका माणसानं कागद घेतला, दुसऱ्यानं पुढचं पत्र लिहिलं, मूळ डिस्चार्ज बुक कुणाकडं राहिलं ते कुणालाच सांगता येईना. पगार घेणाऱ्याला जाब विचारता येतो. तुमच्यासारख्या मोठ्या माणसाला मी कुठल्या तोंडानं विचारू?

एजंटाची भीती खरी आहे. म्हणून लाभार्थ्याकडून एक पैसा घेतला तर त्याच दिवशी कामावरून कमी, हे नेमणुकीच्या पत्रातच घालू.

हिशेबतपासनीस (टिळकवाडी) :
दोन्ही बाजूंनी पैशाचा मुद्दा वरवर घेतलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

पगार हा संस्थेचा रास्त खर्च आहे, कायद्याची आडकाठी नाही. उलट धर्मादाय संस्थेनं वर्षाच्या उत्पन्नातले निदान ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च करायचे असतात, म्हणून पैसा वर्षानुवर्षं नुसता साठवता येत नाही. भवनासाठी वेगळा कायमनिधी हवा असेल तर देणगीदाराकडून तसं लेखी घ्या. यात्रेच्या पेटीतल्या पैशाला तुम्ही मागाहून कायमनिधी म्हणू शकत नाही. त्या पेटीबद्दल आणखी एक : गुप्तदान ठरावीक मर्यादेपलीकडं गेलं तर त्यावर ३० टक्के कर बसतो. पावतीवर नाव-पत्ता घाला. रोख दोन हजारांवरच्या देणगीवर देणगीदाराला आयकरातली सवलत मिळत नाही, तेव्हा कारखानदारांकडून चेकच घ्या.

मोठा पैसा हवा असेल तर सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायचा खर्च, बघा. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांचे अवलंबित यांच्यासाठीचा खर्च स्पष्ट धरलाय. त्यासाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते. उद्यमबागेतले बहुतेक लहान कारखाने त्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, त्यांच्या दारात सीएसआर म्हणून जाऊ नका. मोठ्या कंपन्या विचारतील : किती लोकांना काय मिळालं? मंजूर झालेल्या अर्जांची वही त्यांना दाखवता येते. हॉलच्या भाड्याची वही बघून कोण पैसे देणार?

आणि जास्त व्याजाच्या मोहानं पैसे पतसंस्थेत ठेवू नका. बुडालेल्या पतसंस्थांच्या दारातले ठेवीदार या जिल्ह्यानं बघितलेत.

निपाणीकर :
माझा प्रश्न वेगळा. मंडळ मराठी माणसाच्या पैशातून उभं आहे. १९५६ पासून आपण इथं काय सोसतोय ते सगळ्यांना माहीत आहे. सीमाभागातल्या मराठी सैनिकाला महाराष्ट्राच्या सैनिकी योजना मिळवताना अडचण येते, कारण रहिवास कर्नाटकचा; आणि इथल्या कार्यालयातलं पत्र कानडीतून येतं, ते त्याला वाचता येत नाही. तेव्हा हा कारकून आधी आपल्या लोकांसाठी असावा. कानडी भाषकांना ते पत्र कुणी वाचून दाखवायची गरज नाही.

निवृत्त सुभेदार :
निपाणीकर, मी ठरावाच्या विरोधात आहे, पण हे ऐकून घेणार नाही. मराठा रेजिमेंटमध्ये कानडी जवानही होते आणि आहेत. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही ललकारी त्यांनीही दिलीय. सीमेचा लढा आपल्या जागी, त्यात मी तुमच्यासोबत आहे. पण कानडी मुलखातल्या बैलहोंगलची विधवा दारात आली तर तिला भाषा विचारणार नाही. तसा नियम करणार असाल तर माझं नाव मंडळातून काढा.

चंदगडचा :
आम्ही महाराष्ट्रातले, पण कँटीन आणि ईसीएचएसच्या (माजी सैनिकांची आरोग्य योजना) औषधांसाठी बेळगावच जवळ पडतं. आमची जिल्हा कचेरी कोल्हापूरला, शंभर किलोमीटर. तुमच्या कारकुनाकडं आमचे लोकही येतील, ते आधीच धरून चाला. दोन्ही राज्यांचे फॉर्म वेगळे असतात. त्याला पंधरा हजारांत ठेवाल तर माणूस टिकणार नाही, हे माझं स्पष्ट मत.

अग्निवीराचा भाऊ :
सगळे म्हाताऱ्यांबद्दल बोलताय, ते बरोबरच आहे. पण जानेवारी २०२३ ला गेलेल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ अखेर भरतात. त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होणार. बाकीच्यांना साडेअकरा लाखांवर एकरकमी सेवानिधी मिळेल, पण पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. मंडळाच्या घटनेत ‘माजी सैनिक’ असंच लिहिलं असेल तर माझा भाऊ तुमच्या दारात बसू शकत नाही. ही दुरुस्ती याच सभेत करा.

पलटणवाला :
अग्निवीरांची दुरुस्ती मी स्वतः मांडतो. भाषेची आणि तालुक्याची अट राहणार नाही. कारकुनाची नेमणूक दोन वर्षांपुरती, आणि दर तीन महिन्यांनी त्याची वही सभेत मोठ्यानं वाचायची : कुणाचा अर्ज, कुठं अडला, किती मिळाले.

नंदगडकर :
मुदत आणि वही, दोन्ही मान्य. पण मुद्दलाला हात लावायला माझा विरोध राहील. पगार व्याजातून द्या. चार लाखांचं व्याज पुरणार नाही हे मलाही कळतं. मग आधी निधी उभा करा, त्यासाठी गावोगाव फिरायला मी तयार आहे. माणूस त्यानंतर. सभेत माझं मत विरोधातच पडेल.

पलटणवाला :
निधी उभा राहायला दोन-तीन वर्षं लागतील, नंदगडकर. माझ्या यादीतले निम्मे ऐंशीच्या पुढचे आहेत, त्यांना तेवढं थांबायला सांगायचं माझं धाडस होत नाही. मतदान होईल ते होईल. सभेची वाट न बघता या रविवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात अर्ज भरायला बसतोय. इंग्रजी टायपिंग येणारा एक जण आणि कानडी वाचता येणारा एक जण हवा आहे. सुभेदारसाहेब, तुम्ही डिस्चार्ज बुकं तपासायला याल का?